खात्रीचा पट्टा

आमच्या कंपनीत दोन जमाती होत्या आणि दोन्ही सारख्याच निरुपयोगी होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पहिली जमात अजाइलवाल्यांची. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, रोज सकाळी गोल करून उभं राहायचं, काल काय केलं, आज काय करणार आणि काही अडचण आहे का, एवढं प्रत्येकाने झटपट सांगायचं आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत सॉफ्टवेअर बनवत जायचं. नीट लिहून ठेवा म्हटलं की यांना ताप भरायचा. दुसरी जमात प्रोसेसवाल्यांची. यांच्याकडे परिपक्वता मानक नावाचं जाडजूड बाड. त्यात कंपन्यांच्या पाच पातळ्या. पहिल्या पातळीवरची कंपनी सुचेल तसं काम करते. पाचव्या पातळीवरची कंपनी प्रत्येक गोष्ट मोजते, तिचे आलेख काढते आणि पुढे काय होणार ते आकड्यांवरून सांगते. काम झालं की नाही याच्याशी प्रोसेसवाल्यांना देणंघेणं नसायचं. ते मोजलं की नाही, एवढंच ते विचारायचे.

आम्ही डायलिसिस मशीनचं सॉफ्टवेअर बनवायचो. बाणेरला काचेची इमारत, आत गारठा, बाहेर पार्किंगवरून भांडणं. सरकारी रुग्णालयांना मशीन विकायचं तर कंपनी पाचव्या पातळीची हवी, अशी आता नवी अट आली होती. आणि त्याच रुग्णालयांना सॉफ्टवेअरमध्ये बदल हवे असायचे दर महिन्याला. म्हणजे दोन्ही जमातींना एका पंगतीत बसवणं भाग होतं. इतकी वर्षं त्यावर आमचा तोडगा असा होता की अजाइलवाल्यांनी चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रोसेसवाल्यांनी त्यांचे फोटो काढून फायलीत लावायचे. तपासनीस यायचे, फोटो बघायचे, काजूकतली खायचे आणि तिसरी पातळी देऊन जायचे. पाचवीला फोटो चालत नाहीत. तिथे आकडा लागतो.

तो आकडा माझ्या नवऱ्याने शोधून आणला.

निनाद सरवदे, प्रोसेस विभागाचा प्रमुख. मी केतकी, त्याच कंपनीत टेस्टर. इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधणं हे माझं काम, त्यामुळे कंपनीत मी कुणाला आवडत नसे. निनाद सगळ्यांना आवडायचा. तो देखणा होता, मृदू बोलायचा आणि समोरच्याला लगेच पटायचा. मलाही पटला होता, म्हणून तर लग्न केलं.

त्याने आणलेली वस्तू म्हणजे मनगटावर बांधायचा एक पातळ पट्टा. त्यामागचं शास्त्र खरंच सुंदर आहे, त्यात मी खोट काढणार नाही. माणूस स्वतःला न पटलेलं बोलतो तेव्हा मेंदूतून घशाच्या स्नायूंना एकाच वेळी दोन हुकूम जातात. एक बोलण्याचा, दुसरा आवरण्याचा. या ओढाताणीत स्वरतंतू क्षणाच्या अगदी बारीक अंशापुरते कचरतात. कानाला ते कळत नाही, पण चांगल्या मायक्रोफोनला कळतं. त्याच क्षणी मनगटातल्या नाडीतही बारीक फरक पडतो. पट्टा दोन्ही ताडून बघतो. सुरुवातीला तो तुम्हाला नाव, गाव, सकाळी काय खाल्लं असं विचारून तुमचा निःशंक आवाज शिकून घेतो आणि मग प्रत्येक वाक्याला तुमची किती खात्री आहे त्याचा आकडा देतो. खात्री पक्की असेल तर पट्ट्यावरचा दिवा हिरवा, नसेल तर लाल.

बारकाईने वाचलं तर लक्षात येईल की हा पट्टा खरंखोटं सांगत नाही. बोलणाऱ्याला आपलं बोलणं किती पटलंय, तेवढंच सांगतो. हे त्याच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. आमच्याकडे पहिलं पान कुणी वाचत नाही.

निनादची कल्पना अशी, की रोज सकाळी उभ्या-उभ्या जे बोललं जातं तेच मोजायचं. वेगळी कागदपत्रं नकोत, अहवाल नकोत. "काम झालं," असं म्हणणाऱ्याच्या आवाजात किती शंका आहे तो आकडा थेट आलेखावर. अजाइलवाले खूश, कारण लिहायचं काही नाही. प्रोसेसवाले खूश, कारण रोज ताजा आकडा. आमचे मुख्य अधिकारी चाफळकर सर तर इतके भारावले की त्यांनी भर सभेत निनादला मिठी मारली.

"माणसाचं बोलणंच आता डेटा झालं!" ते म्हणाले. त्यांच्या पट्ट्यावरचा दिवा हिरवागार होता.

पहिले काही आठवडे मजा आली, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं "होऊन जाईल सर" म्हणणाऱ्यांची तारांबळ उडाली. आमच्याकडे "होऊन जाईल" याचा अर्थ अजून हातही लावलेला नाही असा असतो, हे लहान पोराला कळतं. आता पट्टा लाल व्हायचा आणि त्या माणसाला खरं सांगावं लागायचं. कामं खरोखर वेळेवर व्हायला लागली. मला नवऱ्याचा अभिमान वाटला आणि तसं मी त्याला सांगितलंही.

मग माणसं शहाणी झाली. खोटं बोलून दिवा लाल होतो, म्हणून ती खरं बोलायला लागली असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने आमची माणसं पाहिलेली नाहीत. ती स्वतःला पटवून घ्यायला शिकली.

कंपनीने त्यासाठी कार्यशाळाच काढली, 'आंतरिक स्थैर्य' नावाची. सतरंज्या अंथरून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेत सगळे मनात म्हणायचे, माझं काम पूर्ण झालं आहे. ज्याने मन डळमळेल ते वाचायचं नाही, असं तिथे शिकवत. दुसऱ्याचं काम फार खोलात जाऊन बघायचं नाही. टेस्टिंग विभागात तर नियमच झाला, की चाचण्या दुपारनंतर करायच्या. सकाळी चाचणी केली तर खोट सापडते, खोट सापडली की मन साशंक होतं आणि मीटिंगमध्ये आवाज कापतो. हा नियम ज्या दिवशी निघाला त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसत बसले होते. कुणी सोबत हसेना, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

जे मनापासून पटवून घेऊ शकले नाहीत ते गेले. कुणाला काढलं नाही, त्यांच्या आलेखाबद्दल प्रेमाने विचारपूस करून करून त्यांना हैराण केलं. चांगले लोक होते ते. उरले ते सगळे शुद्ध अंतःकरणाचे.

माझा दिवा मात्र लाल होत राहिला.

कारण सांगते. डायलिसिस मशीन रक्त गाळतं आणि त्याबरोबर अंगात साचलेलं जास्तीचं पाणीही काढतं. किती काढायचं ते डॉक्टर ठरवतात, मशीन हिशोब ठेवत ठेवत तेवढं काढतं आणि थांबतं. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, माणूस खुर्चीतच जाऊ शकतो. वीज गेली तर बॅटरीवर रक्त फिरत राहतं, पाणी काढणं थांबतं, आणि वीज आली की मशीन जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये इथे गोम होती. वीज एकदा गेली तर काही होत नसे. पण वीज आली, मशीन जुना हिशोब उचलत असताना ती पुन्हा गेली, तर कधीकधी हिशोब पुसला जायचा. मग मशीन समजायचं की अजून काहीच पाणी काढलेलं नाही, आणि पहिल्यापासून सुरुवात करायचं.

कधीकधी, हा शब्द महत्त्वाचा आहे. मी कितीदा तरी प्लग ओढून पाहिला. बहुतेक वेळा सगळं नीट व्हायचं. क्वचित हिशोब पुसला जायचा. आमच्या इमारतीत वीज जातच नाही, जनरेटर पापणी लवायच्या आत सुरू होतो, त्यामुळे लागोपाठ दोनदा वीज जाणं हा प्रकार तिथे कुणाच्या डोक्यातच येत नसे. ही सगळी मंडळी सातारा, लातूर, परभणी अशा ठिकाणांहून आलेली. बाणेरला फ्लॅट घेतला आणि गावाकडे वीज कशी जाते ते विसरली.

मी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं. "मला वाटतं, यात कदाचित धोका आहे."

पट्टा लाल झाला. होणारच. मला स्वतःलाच पुरती खात्री नव्हती, मी तसंच बोलत होते.

चाफळकर सरांनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"काही धोका नाही सर," सगळे म्हणाले. एकजात हिरवे.

"केतकी, तुला स्वतःलाच खात्री नाहीये," सर मायेने म्हणाले. "बघ ना, तुझाच पट्टा सांगतोय."

त्या दिवसापासून आमच्याकडे निर्णय असेच व्हायला लागले. ज्याने तपासलं त्याला शंका असायची, ज्याने तपासलं नाही त्याला खात्री असायची, आणि कंपनी खात्रीच्या बाजूने उभी राहायची.

घरीही निनाद पट्टा काढत नसे. संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"तुला वाटतं मी उगाच कटकट करते?"

"उगाच नाही गं. मनापासून करतेस. पण चूक करतेस."

हिरवा.

"अण्णांना बसवशील त्या मशीनवर?"

अण्णा म्हणजे निनादचे वडील. करमाळ्याला राहतात, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिथल्या एका ट्रस्टच्या केंद्रात डायलिसिसला जातात. मी मुद्दाम तो प्रश्न विचारला होता. दुसऱ्याच्या बापाबद्दल खात्री असणं सोपं असतं. स्वतःच्या बापाचं नाव घेतल्यावर तरी याचा घसा कचरेल, अशी मला आशा होती. आशा कसली, मी मनातून गयावया करत होते.

"बसवशील काय? पहिलं मशीन करमाळ्यालाच जाणार आहे. मीच ठरवलंय. उद्घाटनाला अण्णाच बसतील," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. दिवा हिरवाच होता. त्या क्षणी मला नवऱ्याची किळस आली आणि किळस आली म्हणून रडूही आलं. तो उठून माझ्याजवळ आला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "सगळं ठीक होईल." तेही हिरवंच असणार, मी बघितलं नाही.

पाचव्या पातळीचं परीक्षण आलं. प्रमुख तपासनीस परांडेकर बाई. पिकलेले केस, चष्मा दोरीला लावलेला, काजूकतलीला हात लावला नाही. कर्मचाऱ्यांच्या मुलाखती त्या बंद दाराआड घेत, वरिष्ठांना आत येऊ देत नसत. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्यासमोर शंकेचा आलेख होता. गेले कित्येक महिने उतरत उतरत जमिनीला टेकलेला.

"उत्तम दिसतोय," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"बाई, यात खालची रेषा कुठेय?"

त्यांनी चष्मा लावला. इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. कुठल्याही कामाचे आकडे रोज थोडेफार वरखाली होतात. म्हणून आलेखावर सरासरीच्या वर एक मर्यादेची रेषा काढतात आणि खाली एक. आकडा दोन रेषांच्या आत खेळत असेल तर काम ताब्यात आहे. वरच्या रेषेपलीकडे गेला तर काहीतरी बिघडलंय, आणि खालच्या रेषेखाली गेला तरीही काहीतरी बिघडलंयच. ताप चढलेल्या माणसाला आपण डॉक्टरकडे नेतो. अंग बर्फासारखं गार पडलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. निनादला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तो हा विषय शिकवायचा. पण शंका कमी होणं वाईट कसं असेल, असं म्हणून त्याने आलेखावरची खालची रेषा काढून टाकली होती. आणि ती काढताना त्याला खात्री होती.

परांडेकर बाईंनी स्वतः पेन्सिलीने ती रेषा ओढली. गेल्या अनेक महिन्यांचे सगळे ठिपके तिच्या खाली पडले.

"म्हणजे तुमची कंपनी ताब्याबाहेर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"का, ते सांगा."

मी सगळं सांगितलं. कार्यशाळा, दुपारच्या चाचण्या, वीज, करमाळा. त्यांनी ऐकून घेतलं. बाहेर येऊन त्यांनी चाफळकर सरांना सांगितलं की पातळी मिळणार नाही, आधी शंका मर्यादेत आणा. मी जिंकले होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं.

माझ्याइतकी मूर्ख मीच.

आठवड्याच्या सुरुवातीला चाफळकर सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि जाहीर केलं की आता प्रत्येकाने आठवड्याला एक वाजवी शंका व्यक्त करायची. निनादने रातोरात नियमावली केली होती. शंका खरी हवी, पट्टा लाल झाला पाहिजे. फार लाल नको, वरची रेषा ओलांडायची नाही. ज्याला शंका येणार नाही त्याने प्रोसेस विभागाकडून घेऊन जावी. स्थैर्याची कार्यशाळा बंद झाली आणि त्याच सतरंज्यांवर शंकेची सुरू झाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची मीटिंग अशी व्हायला लागली.

"काल स्क्रीनचा रंग बदलला. आज बटणं मोठी करणार. माझी शंका, कॅन्टीनमधल्या कॉफीत दूध असतं का?"

लाल. टाळ्या.

"काल माझी सुट्टी होती. आज काल राहिलेलं काम करणार. माझी शंका, पार्किंगमधला तिसरा खांब माझ्या गाडीला मुद्दाम आडवा येतो."

लाल. पुन्हा टाळ्या.

माझी पाळी आली. "वीज दोनदा गेली तर मशीन रोग्याच्या अंगातलं पाणी दुप्पट काढू शकतं. कदाचित माणूस मरेल."

पट्टा लाल झाला आणि माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या. चाफळकर सर तर म्हणाले, "क्या बात है! अगदी बँडमध्ये, दोन रेषांच्या आत!"

"सर, ही कोट्यातली शंका नाहीये."

"तीच तर गंमत आहे! किती नैसर्गिक वाटते!"

त्यांनी ती आठवड्याच्या आकड्यात धरली. आलेख दोन्ही रेषांच्या मधोमध झुलायला लागला. परांडेकर बाई पुन्हा आल्या, ठिपके बघितले. ठिपक्यांत दोष नव्हता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, विचारलं, "ती विजेची शंका?" निनाद पुढे होऊन म्हणाला, "नोंदवली, तपासली, मर्यादेत आहे." हिरवा. बाईंनी सही केली. नियमाबाहेर जाऊन सही अडवायला लागणारी हिंमत त्यांच्याकडेही नव्हती. त्यांच्याबद्दल मला वाटलेला आदर मी तिथेच परत घेतला. पाचव्या पातळीचे टी-शर्ट वाटले गेले, छातीवर मोठ्ठा पाच.

करमाळ्याच्या केंद्राला झेंडूची तोरणं लावली होती. चाफळकर सर आणि निनाद टी-शर्ट घालूनच आले होते. केंद्राचे डॉक्टर मोहोळकर, तरुण आणि थकलेले, मशीनभोवती फेऱ्या मारत होते. अण्णा नव्या खुर्चीत धुतलेला सदरा घालून बसले होते. कपाळाला कुणीतरी गंध लावलं होतं. उघडा दंड, सुईसाठी बांधलेला हात, आणि चेहऱ्यावर पोराने केलेल्या कामाचं कौतुक.

मी पुण्याहून येताना डिकीत एक पारदर्शक बादली आणि मापाचं भांडं टाकून आणलं होतं. डॉक्टरांना म्हटलं, "आधी बादलीवर चालवून बघू. माणसाऐवजी सलाईनचं पाणी. प्लग दोनदा ओढू."

डॉक्टरांनी निनादकडे पाहिलं. "गरज आहे का सर?"

"अजिबात नाही," निनाद म्हणाला. हिरवा.

"फोटोवाले थांबलेत केतकी," चाफळकर सर म्हणाले. "आणि तुझी या आठवड्याची शंका झालीय."

डॉक्टरांनी सुई हातात घेतली. मी आणखी काय बोलणार होते? मला अजूनही पुरती खात्री नव्हती. आज वीज जाईल की नाही, गेलीच तर दोनदा जाईल का, हिशोब पुसलाच जाईल का, यातलं काहीच मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

तेवढ्यात अण्णाच बोलले. "केतकी, हिकडं ये. तू बोल. बसू का मी ह्याच्यावर?"

"मला नक्की माहीत नाही, अण्णा. कदाचित काही होणारही नाही. पण..."

माझा आवाज इतका कापला की पुढचं वाक्यच निघेना. मनगटावरचा दिवा लालभडक झाला होता. निनादने हळहळल्यासारखी मान हलवली.

अण्णांनी दिव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी बांधलेला हात सोडवला आणि खुर्चीतून उठले.

"आधी बादली लावा," ते डॉक्टरांना म्हणाले.

"अण्णा, काय हे? मी सांगतोय ना," निनाद म्हणाला.

"तू सांगतोयस रं. पण ही घाबरलीय. ज्याला भ्या वाटतंय त्यानं गाडी तपासलेली असती. डेपोत तीस-पस्तीस वर्षं मी ह्यावरच गाड्या सोडल्या."

नळ्या बादलीत सोडल्या. अर्धा लिटर काढायचं ठरवलं, तेवढ्या खाली मी बादलीला चिकटपट्टी लावली. पाणी त्या पट्टीपाशी आलं की मशीन थांबायला हवं. निम्मं पाणी उतरल्यावर मी प्लग ओढला, लावला, लगेच पुन्हा ओढला, पुन्हा लावला. मशीन सुरू झालं. पाणी उतरत उतरत चिकटपट्टीशी आलं आणि मशीन थांबलं. अगदी बरोबर.

चाफळकर सरांनी टाळ्या वाजवल्या. निनाद माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात विजयाचा लवलेश नव्हता, नुसती माया होती. तोच मार मला जास्त लागला.

"पुन्हा," मी म्हटलं.

"केतकी, बस झालं."

"पुन्हा कर गं," अण्णा म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते, पायांवर सूज होती, पण बसायला तयार नव्हते.

बादली भरली. निम्म्यावर प्लग ओढला, लावला, ओढला, लावला. मशीनने छान सुरेल आवाज केला. पाणी उतरायला लागलं. चिकटपट्टीशी आलं. चिकटपट्टीच्या खाली गेलं. स्क्रीनवर सगळं ठीक असल्याची हिरवी अक्षरं होती आणि पाणी जातच होतं. डॉक्टर मोहोळकरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. फोटोवाल्याने सवयीने एक फोटो काढला.

"बंद करा," डॉक्टर म्हणाले. "हे मशीन इथून उचला. आत्ताच्या आत्ता. आणि पुढे कुठेकुठे पाठवणार आहात ते मला सांगा, मी एकेकाला फोन करतो."

चाफळकर सर कुणाला तरी फोन लावत बाहेर निघून गेले. त्यांच्याकडून मला हीच अपेक्षा होती.

निनाद बादलीपाशी वाकून उभा होता. चिकटपट्टी आणि तिच्या कितीतरी खाली गेलेलं पाणी तो नीट बघत होता. मला वाटलं आता हा मोडेल. मोडला असता तर मी त्याला तिथेच जवळ घेतलं असतं, सगळं विसरून. देवाशप्पथ घेतलं असतं.

तो सरळ उभा राहिला. "असं होत नाही," तो म्हणाला. "बादलीचं माप चुकलंय."

मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. मग तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. मी अण्णांचा हात धरला आणि त्यांना शेजारच्या खोलीत जुन्या मशीनकडे घेऊन निघाले. दारात ते थांबले, मागे वळून पोराकडे बराच वेळ बघत राहिले.

"बारका होता तवापासनं ह्यो कधी खोटं बोलला न्हाई गं," ते म्हणाले. "बोलत असता तर बरं झालं असतं."